टाइम प्लीज आणि रडीचा डाव

पकडापकडी ऐन रंगात आलेली असताना कुणाच्या तरी चपलेचा अंगठा तुटतो आणि तो ‘टाइम प्लीज’ म्हणून ओरडतो. सगळे असतील तिथे थांबतात. तुटकी चप्पल कोपऱ्यात भिरकावली जाते आणि खेळ थांबला होता तिथूनच पुढे सुरू होतो. यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. पण त्याच अंगणात, राज्य आपल्यावर येतंय असं दिसल्यावर कुणी ‘मी खेळतच नव्हतो, परत पहिल्यापासून घ्या’ म्हणू लागला, की बाकीची पोरं एका सुरात ‘रडीचा डाव’ म्हणून त्याला गप्प करतात. पहिल्यात खेळ नुसता थांबतो. दुसऱ्यात घडून गेलेलं पुसलं जातं. हा फरक सहा-सात वर्षांच्या मुलांनाही समजावून सांगावा लागत नाही. व्हिडिओ गेममध्ये मात्र या दोन्ही गोष्टी एकाच बटनाखाली आल्या. सेव्ह केलं की उठून जेवायला जाता येतं, आणि त्याच सेव्हवर परत जाऊन हातून झालेली चूक नाहीशीही करता येते. हे पुस्तक या गुंत्याबद्दल आहे. गेम अवघड का वाटतो, आणि अवघड असूनही हवासा का वाटतो, याची चर्चा बहुधा शत्रू किती, त्यांची ताकद किती, आपल्याला लाइफ किती, अशा हिशेबांत अडकते. माझं म्हणणं असं, की या सगळ्याच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा: चुकल्यावर काय जातं? पाच सेकंद जातात, अर्धा तास जातो, की आठवडाभराची मेहनत? याचं उत्तर सेव्हची पद्धत देते. म्हणून तिला खेळाच्या कडेला ठेवलेली सोय समजणं चूक आहे. चुकीची किंमत ठरवणारा तो खेळातला सर्वांत वजनदार नियम आहे. आणि त्याचा नीट विचार करायचा, तर थांबण्याची मुभा आणि चाल परत घेण्याची मुभा या दोन गोष्टी आधी सोडवून वेगळ्या ठेवाव्या लागतात. पहिली प्रत्येकाला, केव्हाही, बिनशर्त मिळायला हवी. दुसरी किती द्यायची, कुठे द्यायची आणि कशाच्या बदल्यात द्यायची, यात गेम बनवणाऱ्याचं कसब असतं.

सुरुवातीला या दोन्ही मुभा नव्हत्या. १९७८ चा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ किंवा १९८० चा ‘पॅक-मॅन’ हे नाण्यावर चालणारे खेळ. हरलं की पुढचं नाणं टाकायचं. खेळाडू लवकर हरण्यावर मशीनमालकाची कमाई, म्हणून खेळ काही मिनिटांत आटोपेल अशा बेताने तिखट केलेला. मागे उरायचा तो फक्त गुणांचा आकडा. पुढे खेळ घरच्या टीव्हीवर आले तेव्हा नाणं गेलं, पण नाण्याच्या हिशेबाने बेतलेला कठोरपणा तसाच राहिला. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये आठ जगं, प्रत्येकात चार, अशा ३२ लेव्हल, हाताशी तीन लाइफ, सेव्ह नाही. आपल्याकडे नव्वदच्या दशकात ज्या स्वस्त नकली मशीनवर हा गेम पोचला, त्यांच्या कॅसेटमध्येही काही साठवायची सोय नव्हती. वीज गेली की मारिओ पुन्हा पहिल्या लेव्हलवर. एका पिढीला ती पहिली लेव्हल पाढ्यासारखी पाठ झाली, ती या सक्तीच्या उजळणीमुळे. खरं तर गेम ओव्हर झाल्यावर ए बटन दाबून ठेवून स्टार्ट केलं, तर त्याच जगाच्या सुरुवातीपासून खेळता यायचं, पण पडद्यावर तसं कुठेही लिहिलेलं नव्हतं. खेळाची लांबीही फार नव्हती. सगळं हातात बसलेलं असेल तर तासाभरात तो संपतो. कठीण म्हणून आज त्याची आठवण निघते, त्यात पुन्हापुन्हा मागे फेकलं जाण्याचा वाटा मोठा आहे.

लांबलचक गोष्ट सांगायची तर हे चालणार नव्हतं. निन्टेन्डोने फेब्रुवारी १९८६ मध्ये जपानात ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ फ्लॉपीसारख्या डिस्कवर काढला. खेळणाऱ्याने कुठवर मजल मारली ते त्या डिस्कवरच लिहिलं जायचं. पुढच्या वर्षी अमेरिकेत तो सोनेरी कार्ट्रिजमधून आला. तिच्या पोटात एक छोटी बॅटरी होती, आणि मशीन बंद असतानाही ती साठवलेलं जपून ठेवायची. युजी होरीई यांच्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ने १९८६ मध्येच बॅटरीवाचून वाट काढली. राजाकडे गेलं की तो २० जपानी अक्षरांचा पुनरुज्जीवनाचा मंत्र सांगायचा. तो वहीत उतरवून घ्यायचा आणि पुढच्या वेळी जसाच्या तसा भरायचा. १९८७ च्या दुसऱ्या भागात हा मंत्र ५२ अक्षरांपर्यंत लांबला. जपानी लिपीत ‘बा’ आणि ‘पा’ एकाच अक्षरापासून होतात. एकाच्या खांद्यावर दोन बारीक रेघा, दुसऱ्याच्या खांद्यावर इवलंसं वर्तुळ. त्या काळच्या टीव्हीच्या धूसर पडद्यावरून उतरवताना रेघांच्या जागी वर्तुळ आलं की मंत्र खोटा ठरला. नायक हरला नव्हता, खेळणाऱ्याने एकही चुकीचा निर्णय घेतला नव्हता, तरी सगळी कमाई गेली. याला खेळातल्या चुकीची किंमत म्हणता येत नाही. खेळणारा उठला याची ती शिक्षा होती. १९८८ च्या तिसऱ्या भागात बॅटरी आली आणि ही शिक्षा संपली. पण ड्रॅगन क्वेस्टमध्ये पहिल्यापासून आणखी एक गोष्ट होती आणि तिची दखल फारशी घेतली जात नाही. नायक मेला तरी खेळ संपत नसे. तो पुन्हा राजासमोर उभा राहायचा. जवळचं निम्मं सोनं गेलेलं असायचं, पण लढून मिळवलेला अनुभव शाबूत. मरणाला ठरलेली, परवडणारी किंमत होती, आणि तीही खेळाच्याच चलनात फेडायची होती. मंत्राच्या अक्षरांत चूक झाली तर सर्वस्व जायचं आणि राक्षसासमोर चूक झाली तर निम्मं सोनं. एकाच खेळातल्या या दोन किमती शेजारी ठेवल्या की थांबण्याचा हक्क आणि चुकीची भरपाई यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे लख्ख दिसतं.

अवघडपणाचेही असेच दोन पदर आहेत. चूक होण्याची शक्यता किती, हा एक. आणि झालेली चूक पडते केवढ्याला, हा दुसरा. बोलताना आपण दोन्हींना कठीणच म्हणतो, पण खेळणाऱ्याच्या मनावर त्यांचे परिणाम अगदी वेगळे होतात. २०१८ चा ‘सेलेस्ट’ घ्या. मॅडलीन नावाची मुलगी डोंगर चढते आहे. खेळ साधारण पडद्याएवढ्या खोल्यांत विभागलेला आहे आणि प्रत्येक खोलीचं दार हाच चेकपॉइंट. उडी बोटभर चुकली की मॅडलीन काट्यांवर आदळते, आणि पापणी लवते न लवते तोच पुन्हा त्याच दारात उभी असते. एखाद्या खोलीत पन्नास वेळा मरणं नवलाचं नाही. प्रकरणाच्या शेवटी खेळ मरणांचा आकडा दाखवतो आणि वाटेत मिळणारं एक पोस्टकार्ड त्या आकड्याचा अभिमान बाळगायला सांगतं. इथे चुकण्याची शक्यता प्रचंड आहे आणि किंमत जवळजवळ नाही. त्यामुळे बोटं धीट होतात. अशक्य वाटणारी उडी ‘घेऊन तर बघू’ म्हणून घेतली जाते, आणि एकदा जमली की तिच्याआधीच्या एकोणपन्नास उड्या वाया गेल्यासारख्या वाटत नाहीत. हाच खेळ तीन लाइफ देऊन, हरल्यावर डोंगराच्या पायथ्याशी नेऊन सोडणारा केला असता, तर त्यातल्या निम्म्या खोल्या बनवणाऱ्यांना सोप्या कराव्या लागल्या असत्या.

दुसऱ्या टोकाला २०११ चा ‘डार्क सोल्स’ आहे. इथे विसाव्याची जागा म्हणजे शेकोटी. राखेत रोवलेली एक तलवार, तिच्याभोवती मंद जाळ, शेजारी टेकलेला नायक. शेकोटीपाशी बसलं की जखमा भरतात, पण मारलेले बहुतेक शत्रूही पुन्हा जिवंत होतात. लढून गोळा केलेले आत्मे हेच इथलं धन. ताकद वाढवायची तीही त्यांच्यावर आणि शस्त्रं घ्यायची तीही त्यांच्यावर. मेलं की हे सगळं धन मेल्या जागी पडून राहतं आणि नायक शेवटच्या शेकोटीपाशी जागा होतो. मेल्या जागेपर्यंत धडपणे पोचलं तर धन परत मिळतं. वाटेत पुन्हा मेलं तर कायमचं गेलं. एकच संधी. म्हणून आधी ज्या वाटेने खेळणारा बेफिकीर चालत गेला, तीच वाट दुसऱ्यांदा जाताना तो भिंतीला पाठ लावून, प्रत्येक कोपऱ्यावर थबकत जातो. शत्रू तेच आणि तलवारही तीच. बदललं आहे फक्त गमावण्यासारखं काहीतरी असणं. आता निर्दय म्हणून जगभर गाजलेल्या या खेळाची दुसरी बाजू पाहा. तो सतत स्वतःहून सेव्ह होत राहतो. वाटेत केव्हाही मेन्यूतून बाहेर पडा, दुसऱ्या दिवशी नायक त्याच पायरीवर उभा सापडतो. थांबण्याची मुभा जवळजवळ पूर्ण आहे, चाल परत घेण्याची मुळीच नाही. टाइम प्लीज खुशाल घ्या, रडीचा डाव चालणार नाही, हा अंगणातला नियम या खेळाने अचूक पाळला आहे. कठोर खेळ आणि खेळणाऱ्याच्या वेळेची कदर या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत, असं म्हणणाऱ्यांना माझं उत्तर हेच आहे.

किंमत हवी म्हणणाऱ्यांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो खरा आहे. बहुतेक खेळांत ही किंमत वसूल होते ती उजळणीतून. जे येतं, जे दहा वेळा करून झालं आहे, तेच पुन्हा करायला लावायचं, यात कसलं आव्हान? १९९० च्या ‘फायनल फँटसी ३’ मध्ये शेवटच्या मनोऱ्यात शिरल्यापासून अखेरच्या लढाईपर्यंत सेव्हला जागाच नाही. शेवटच्या शत्रूने मारलं की काही तासांची चढण पुन्हा चढायची. डार्क सोल्समध्येही कित्येक बॉसपर्यंत पोचायला शेकोटीपासून तीच ती धाव पुन्हा घ्यावी लागते. बॉसशी लढताना प्रत्येक मरणातून काहीतरी कळतं: तो डावा हात उचलतो तेव्हा उजवीकडे सरकायचं, तिसऱ्या वारानंतर तो दम घेतो. धावेतून तिसऱ्या खेपेनंतर नवं काहीच हाती लागत नाही. अशी उजळणी मला खेळाचा भाग वाटत नाही; ती नुसती रांगेत उभं राहण्याची शिक्षा आहे. बनवणाऱ्यांनाही ते उमगलेलं दिसतं. डार्क सोल्स बनवणाऱ्या फ्रॉमसॉफ्टवेअरनेच २०२२ च्या ‘एल्डन रिंग’मध्ये बऱ्याच अवघड लढायांच्या जवळ दगडी खुंट रोवले. मेलं की थेट तिथे जागं होता येतं. बॉस पूर्वीइतकेच उग्र राहिले, काढून टाकली ती मधली पायपीट. तिच्यासाठी हळहळणारे काही जुने खेळाडू आहेत. त्यांच्या मते वाटेतल्या धावेत धीर गोळा होतो, राग निवतो. वाट खरोखर घडवलेली असेल, तिच्यात निवडी असतील, तर हे मला पटतं. पण रिकाम्या वाटेला हा मान देता येणार नाही. किंमत असावी, पण ती ज्यातून काही शिकायला मिळतं त्याच जागी मोजावी लागावी.

भीतीच्या खेळांत मात्र किंमत हाच सगळा ऐवज असतो. डॅनियल काहनमन आणि अ‍ॅमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलं, की मिळालेल्या गोष्टीच्या आनंदापेक्षा तेवढीच गोष्ट गमावल्याचं दुःख माणसाला जड वाटतं. भीतीचा गेम या स्वभावावरच उभा राहतो. पडद्यावरचा राक्षस कितीही विद्रूप असला तरी तो पडद्यावरच असतो. खेळणाऱ्याचा गेलेला अर्धा तास मात्र खरा असतो. १९९६ च्या ‘रेसिडेन्ट ईव्हिल’ने हे ओळखून सेव्हलाच वस्तूचं रूप दिलं. भुताटकीसारख्या त्या हवेलीत मोजक्या खोल्यांत टाइपरायटर ठेवलेले आहेत आणि सेव्ह करायचं तर खिशात शाईची रिबन लागते. रिबनी मोजक्याच. वर, खेळायला निवडता येणाऱ्या दोन पात्रांपैकी जिलकडे सामान ठेवायला आठ जागा आणि ख्रिसकडे सहाच. त्यातली एक रिबन अडवते, म्हणजे एक औषधी किंवा काडतुसांचं एक पाकीट मागे ठेवावं लागतं. सेव्ह करू की पुढच्या दोन खोल्या पाहून येऊ, हा विचार त्या गेममध्ये गोळी झाडू की पळू या विचाराइतकाच छातीत धडधडतो. २०१४ चा ‘एलियन: आयसोलेशन’ याच्याही पुढे जातो. भिंतीवरच्या यंत्रात कार्ड सरकवायचं आणि एकापाठोपाठ तीन दिवे लागेपर्यंत पाठ वळवून उभं राहायचं. ते काही सेकंद खेळ थांबलेला नसतो. मागच्या झडपेतून प्राणी उतरला तर तिसरा दिवा लागायच्या आत सगळं संपतं. क्विकसेव्हचं बटन दिलं तर या दोन्ही खेळांची चित्रं, आवाज, राक्षस सगळं जागच्या जागी राहील, आणि खेळ मात्र उरणार नाही.

क्विकसेव्हवाल्यांची बाजूही भक्कम आहे. १९९३ च्या ‘डूम’पासून संगणकावरच्या खेळांत एका बटनाने सेव्ह आणि दुसऱ्याने परत, ही सवय रुजली, आणि तिने काही प्रकारच्या खेळांचं भलंच केलं. २०१२ च्या ‘डिसऑनर्ड’सारख्या गेममध्ये एका पहारेकऱ्याला चुकवायचे पाच मार्ग असतात. छपरावरून जावं, उंदराच्या अंगात शिरून बिळातून जावं, की वेळच थांबवावा? मागे येता आलं तरच माणूस हे सगळे करून बघतो. चूक महाग असती, तर खेळणाऱ्याने पहिला खात्रीचा मार्ग धरला असता आणि चार मार्ग कायमचे न पाहिलेले राहिले असते. म्हणजे चाल परत घेणं हे नेहमीच रडीचं नसतं. प्रयोग हाच जिथे खेळ आहे तिथे ते हक्काचं आहे. यावरून पुढचा युक्तिवाद येतो: मग सगळीकडेच हे बटन द्या, ज्याला नको त्याने दाबू नये. ऐकायला हे न्यायाचं वाटतं, पण खेळाच्या नियमाचं सगळं बळ तो आपल्या हातात नसण्यात असतं. बुद्धिबळात मोहऱ्याला हात लावला की तेच मोहरं हलवायचं. हा नियम ‘ज्याला वाटेल त्याने पाळावा’ असा केला, तर प्रत्येक खेळीला स्वतःशीच भांडण सुरू होईल. ‘सिव्हिलायझेशन ४’ चे रचनाकार सोरेन जॉन्सन यांचं निरीक्षण असं, की संधी दिली तर खेळाडू खेळातली मजाच काटकसरीने छाटून टाकतात. सोपी वाट समोर असताना ती न घेणं माणसाला जड जातं, आणि घेतली की तीच सवय होते.

याचा पडताळा फासे टाकणाऱ्या खेळांत मिळतो. २०१२ च्या ‘एक्सकॉम: एनिमी अननोन’मध्ये सैनिकांना खेळणाऱ्याला हवी ती नावं देता येतात, आणि मेलेल्यांची नावं तळावरच्या भिंतीवर कोरली जातात. गोळी लागायची शक्यता ८५ टक्के दाखवली आणि नेम चुकला, की बोट आपोआप जुन्या सेव्हकडे जातं. म्हणून त्या गेममध्ये नशिबाचा आकडाही सेव्हबरोबरच साठवला जातो. मागे येऊन तीच गोळी झाडली तर ती पुन्हा चुकते. शिवाय आयर्नमॅन नावाचा प्रकार आहे. त्यात एकच सेव्ह, मागे वाट नाही, आणि हे ठरवायचं ते मोहीम सुरू होण्याआधी, डोकं थंड असताना. मला ही वाट सर्वांत समंजस वाटते. निवड खेळणाऱ्याचीच राहते, पण ती प्रत्येक चुकीच्या क्षणी नव्याने करावी लागत नाही. २०२३ च्या ‘बॉल्डर्स गेट ३’ मध्ये वीस बाजूंचा फासा पडद्यावर गडगडत जाताना दिसतो, आणि कमी आकडा पडला तर अनेकदा गोष्टीला वेगळंच वळण मिळतं: पकडले गेलात की कोठडी, कोठडीतून पळायचा बेत, त्यात भेटणारं नवं माणूस. दर वेळी मागे जाऊन चांगला आकडा पाडून घेणाऱ्याला ही अर्धी गोष्ट कधी कळतच नाही. त्याच वर्षअखेरीस या गेममध्येही एकाच सेव्हचा ‘ऑनर मोड’ आला. मात्र मागे जाणं बंद करायचं, तर हरल्यानंतर जगण्यासारखं काही खेळात ठेवावं लागतं. ‘फायर एम्ब्लेम’ मालिकेत मेलेला शिलेदार पूर्वी कायमचा जायचा. नियम कडक, पण जीव लावलेला माणूस गेला की अनेक खेळाडू सरळ ते प्रकरण पहिल्यापासून सुरू करायचे. गमावणं पचवायला खेळाने मदत केली नाही की कडक नियमाचंही शेवटी बटनच होतं.

यंत्र भरवशाचं नसेल तर मात्र कठोर सेव्हची सगळी तात्त्विक इमारत ढासळते. २०१८ मध्ये आलेला ‘किंगडम कम: डिलिव्हरन्स’ हा १४०३ च्या बोहेमियातला खेळ. त्यात हवं तेव्हा सेव्ह करायचं तर एक खास दारू प्यावी लागते, आणि ती महाग असते. एरवी आपल्या अंथरुणात झोपल्यावर किंवा कामगिरीच्या टप्प्यावर सेव्ह होतं. कल्पना उत्तम होती, प्रत्येक निर्णयाला वजन देणारी. पण सुरुवातीला गेममध्ये दोष बरेच होते, आणि खेळ अडकून पडला तर गेलेला तास कुणाच्या चुकीमुळे गेला नव्हता. शिवाय ज्याला मध्येच उठायचं आहे त्याच्याकडे दारू नसेल तर त्याने काय करावं? काही आठवड्यांतच बाहेर पडताना सेव्ह करायची सोय देण्यात आली. दारूचा नियम तसाच राहिला, कारण बाहेर पडतानाचा हा सेव्ह परत आल्यावर पुसला जातो. एका साध्या दुरुस्तीने दोन मुभा वेगळ्या झाल्या. ज्याच्या घरात रडणारं बाळ आहे, ज्याला रात्रपाळीला निघायचं आहे, ज्याचा हात दुखू लागला आहे, अशा कुणालाही उठल्याबद्दल दंड होता कामा नये. खेळाने आपली परीक्षा घ्यावी. आपल्या मोकळ्या वेळेची परीक्षा घेण्याचा त्याला अधिकार नाही. मोबाइलवरच्या खेळांनी तर ही परीक्षाच विकायला काढली आहे. २०१२ पासून बसमध्ये, लोकलमध्ये, दवाखान्याच्या बाकावर खेळल्या जाणाऱ्या ‘कँडी क्रश’मध्ये पाच लाइफ मिळतात आणि गेलेलं एक लाइफ भरून यायला ३० मिनिटं लागतात. थांबायचं नसेल तर पैसे भरा. नाण्याच्या मशीनचा हिशेब अशा रीतीने परत आला आहे. इथली चुकीची किंमत खेळ चांगला व्हावा म्हणून बेतलेली नाही आणि ती कठोर रचना या नावाखाली खपवून घेऊ नये, असं मला ठामपणे वाटतं.

राहिला तो आक्षेप सर्वांत जुना: सोयी दिल्या की जिंकण्याला अर्थ उरत नाही. याला अंगणानेच एक उत्तर देऊन ठेवलं आहे. मोठ्या मुलांत चार वर्षांचं धाकटं भावंड घुसतं, तेव्हा त्याला लिंबूटिंबू म्हणून खेळात घेतलं जातं. ते पळतं, ओरडतं, पकडलं गेलं तरी त्याच्यावर राज्य येत नाही. त्यामुळे मोठ्यांची पकडापकडी फिकी पडत नाही, आणि धाकट्याला घरात बसून रडावं लागत नाही. सेलेस्टमध्ये खेळाचा वेग कमी करण्याची, दम कधीच न संपण्याची, अगदी मरणच बंद करण्याचीही सोय आहे. ती घेणाऱ्याला खेळ हिणवत नाही, आणि न घेणाऱ्याचा डोंगर तसूभरही खाली येत नाही. लिंबूटिंबूची खूण आधीच ठरलेली असते, सगळ्यांना ठाऊक असते, म्हणूनच तिला कुणी रडीचा डाव म्हणत नाही.

चाल परत घेणं हाच विषय करून लिहिलेले खेळ मला या सगळ्या वादाच्या पलीकडचे वाटतात, आणि पुढच्या पानांकडे जाण्यापूर्वी त्यांतल्या दोन खेळांपाशी थांबायला हवं. टोबी फॉक्स यांच्या २०१५ च्या ‘अंडरटेल’मध्ये टोरिएल नावाची मायाळू बाई खेळणाऱ्याला घरात घेते, खाऊ घालते, आणि तो निघू लागला की दार अडवून उभी राहते. तिच्याशी लढावं लागतं, आणि ती हातून मरू शकते. हळहळून जुन्या सेव्हवर परत गेलं, या वेळी तिला न मारता वाट काढली, तर खेळणारा सुटकेचा श्वास टाकतो. तेवढ्यात फ्लावी नावाचं फूल उगवतं आणि आधी काय केलंस ते मला माहीत आहे, असं सांगतं. फाइल पुसली गेली, पण खेळाने लक्षात ठेवलं. दुसरा आहे योको तारो यांचा २०१७ चा ‘नीअर: ऑटोमाटा’. शेवटी श्रेयनामावली वर सरकू लागते आणि तिच्यातली नावंच गोळ्या झाडू लागतात. आपलं इवलंसं यान पुन्हापुन्हा फुटतं. दरम्यान जगभरच्या अनोळखी खेळाडूंनी लिहून ठेवलेले धीराचे शब्द पडद्यावर उमटतात, आणि मग मदत हवी का, असा प्रश्न येतो. हो म्हटलं की आपल्या यानाभोवती आणखी यानं गोळा होतात, गाण्यात एकाचे अनेक आवाज होतात, आणि आपल्यावर येणारी गोळी त्यांच्यातलं कुणीतरी झेलतं. झेललं की पडद्यावर त्या खेळाडूचं नाव येतं आणि त्याची सगळी साठवण नष्ट झाल्याची ओळ. लढाई संपल्यावर खेळ विचारतो, अशाच कुणा अनोळखी माणसासाठी तुझी साठवण देशील का? ते कोण असेल हे तुला कधी कळणार नाही, आणि ज्याला मदत होईल तो कदाचित तुला आवडणाराही नसेल. हो म्हटलं तर मेन्यू आपोआप उघडतो आणि शस्त्रं, नकाशा, पार पाडलेल्या कामगिऱ्या, एकेक पान डोळ्यांदेखत रिकामं होत जातं, आणि शेवटी सेव्हची जागाही कोरी होते.